पाच कोनांची गिरह

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एकदोनदा एक संदेश फिरून येतो. इराणमधल्या एका जुन्या इमारतीच्या निळ्या फरशांचा फोटो असतो आणि खाली लिहिलेले असते, की ज्या शोधाला 2011 चे नोबेल मिळाले तो मुसलमान कारीगरांनी पाचशे वर्षे आधीच लावून ठेवला होता. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. मग कोणीतरी इंजिनियर झालेला भाचा लिहितो, ‘हे सगळे फेक असते.’ वाद तिथेच थांबतो, कारण तोवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आलेला असतो.

फोटो खरा आहे. इमारतही खरी आहे. इस्फहान शहरातली ही दरबे इमाम नावाची वास्तू 1453 सालची, म्हणजे ज्या वर्षी उस्मानी तुर्कांनी कुस्तुंतुनिया जिंकले त्याच वर्षाची. पण संदेश जितका सरळ आहे तितकी गोष्ट सरळ नाही. ती अधिक चांगली आहे. या एका भिंतीपायी भौतिकशास्त्राचे, स्फटिकशास्त्राचे, कलेच्या इतिहासाचे आणि राजकीय इतिहासाचे अभ्यासक एकमेकांशी भांडले आहेत, आणि त्यांचे भांडण आपल्या घरातल्या मुलामुलींना कळण्याजोगे आहे.

आधी अडचण काय ती पाहू. घराच्या फरशा चौकोनी असतात, काही ठिकाणी षटकोनी. पंचकोनी फरशी आपण कुठे पाहिली आहे का? मी नववीच्या वर्गात हे दरवर्षी करून घेते. पुठ्ठ्याचे एकसारखे सुसम पंचकोन कापायचे आणि फट न ठेवता बाकावर मांडायचे. सुसम पंचकोनाचा आंतरकोन 108 अंशांचा. तीन पंचकोन एका बिंदूपाशी आणले की 324 अंश होतात, 36 अंशांची फट राहते. चौथा घालावा तर तो मावत नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने, त्याच्या वडिलांचे फर्निचरचे काम आहे, दोनच मिनिटांत पुठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाला, “टीचर, फट तो रहेगीच. बीच में अलग पीस डालना पडेगा.” गणिताच्या पुस्तकात हेच वाक्य जरा लांब करून लिहिलेले असते.

तर हा ‘अलग पीस’ कोणता आणि कुठे घालायचा, हा सगळा हुनर आहे. इराण-तुराणच्या कारीगरांनी पाच आणि दहा कोनांचे तारे हजारो भिंतींवर, दारांवर, मिंबरांवर बसवले, कुठेही फट न ठेवता. या कामाला फारसीत गिरिह म्हणतात, आपण उर्दूत गिरह म्हणतो तोच शब्द. म्हणजे गाठ. कव्वाल एका मिसऱ्याला दुसरा जोडतो तीही गिरह, आणि जुने कापडवाले गजाचा सोळावा भाग म्हणत तोही गिरहच. भिंतीवर रेषा एकमेकींच्या खालून-वरून जातात, पट्ट्या विणल्यासारख्या, म्हणून हे नाव.

कारीगर हे काढत कसे? यावर पहिले नीट संशोधन ज्याने केले तो ना कलेचा अभ्यासक होता ना मुसलमान. अर्नेस्ट हँकिन हा इंग्रज आग्र्याला सरकारी जीवाणुतज्ज्ञ होता. विहिरींचे पाणी तपासणे, पटकीच्या साथी आवरणे हे त्याचे काम. 1896 साली त्याने फ्रेंच भाषेतल्या एका निबंधात लिहिले, की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढे जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचा शोध लागला तेव्हा लोकांना हा निबंध आठवला. हाच माणूस आग्र्याच्या आकाशातल्या घारी-गिधाडांचे पंख न हलवता तरंगणे तासन् तास पाहत असे. त्यावर त्याने 1913 साली एक पुस्तक लिहिले. अशा चौकस माणसाच्या समोर ताजमहाल, एतमादुद्दौला, फतेहपूर सिक्री. तो भिंतींकडेही तसाच पाहू लागला.

फतेहपूर सिक्रीच्या एका हमामात गिलाव्यावर नक्षी होती, आणि नक्षीच्या रेषांच्या आसपास अगदी पुसट ओरखडे होते. आपल्यासारखा माणूस म्हणाला असता, गिलावा खराब झाला. हँकिनने ते ओरखडे जोडून पाहिले, तर एकमेकांना चिकटलेल्या बहुकोनांचे जाळे दिसू लागले. कारीगराने आधी हे जाळे आखले होते. मग प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूवरून दोन रेषा ठरावीक कोनात, फुलीसारख्या, दोन्हीकडे नेल्या. त्या रेषा शेजारच्या रेषांना भेटल्या तिथे तारे तयार झाले. शेवटी बहुकोन पुसून टाकले. नक्षी राहिली, तिचा सांगाडा गेला. या एका हमामात तो पुरता पुसला गेला नव्हता, म्हणून सापडला. हँकिनने हे 1905 साली लंडनच्या एका कलाविषयक नियतकालिकात मांडले आणि 1925 साली भारतीय पुरातत्त्व खात्याने त्याचा सविस्तर ग्रंथ छापला. मला या माणसाचा हेवा वाटतो. पाण्याच्या बाटल्या तपासायच्या आणि परत येताना हमामात थांबायचे!

त्यानंतर बरीच वर्षे त्याच्या कामाकडे फार थोड्यांनी पाहिले. मग इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथालयातली एक गुंडाळी पुढे आली. साडेएकोणतीस मीटर लांब, हातभरही रुंद नाही, आणि तिच्यावर 114 नक्ष्या. पंधराव्या-सोळाव्या शतकातली, बहुधा इराणात तयार झालेली. ही कारीगरांची स्वतःची वही म्हणायला हरकत नाही, पण तिच्यात स्पष्टीकरणाची एक ओळही नाही. उस्ताद तोंडी सांगणार आणि शागीर्द पाहणार. हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या तुर्की विदुषी गुलरू नेजिपोग्लू यांनी 1995 मध्ये ती संपूर्ण छापली. तिच्यातल्या काही नक्ष्यांच्या खाली लाल ठिपक्यांनी बहुकोन दाखवलेले आहेत. हमामातल्या ओरखड्यांचे भाऊच.

आता तो गाजलेला भाग. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राची पीएचडी करणारा पीटर लू हा तरुण उझबेकिस्तानात फिरत असताना बुखाऱ्याच्या एका मदरशापाशी दहा कोनांच्या नक्षीसमोर थबकला. परतल्यावर त्याने फोटो जमवले, तोपकापीची गुंडाळी पाहिली आणि प्रिन्स्टनचे पॉल स्टाइनहार्ट यांच्यासह फेब्रुवारी 2007 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे : साधारण 1200 सालापासून कारीगर प्रत्येक रेष पट्टी-कर्कटकाने नव्याने काढत बसत नसत. त्यांच्याजवळ पाच आकारांचा संच होता. दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, एक समभुज चौकोन आणि एक मध्ये चिमटलेला, बो-टायसारखा आकार. सगळ्यांच्या बाजू एकाच लांबीच्या, सगळे कोन 36 च्या पटीत. म्हणून कोणताही कोणाशेजारी बसतो. प्रत्येकावर रेषा आधीच काढलेल्या. मांडत जा, नक्षी आपोआप जुळते. मागच्या बाकावरच्या मुलाचा ‘अलग पीस’ तो हाच.

इस्फहानच्या भिंतीवर तर याच्याही पुढचे काही आहे. तिथे मोठ्या आकारांची एक नक्षी आहे आणि प्रत्येक मोठ्या आकाराच्या पोटात त्याच संचातल्या लहान आकारांची दुसरी. या रीतीने पोटात पोट घालत गेले, तर पाच-दहाच्या सममितीची अशी मांडणी मिळते जी कितीही वाढवली तरी ठरावीक अंतरावर स्वतःला गिरवत नाही. युरोपात अशी मांडणी रॉजर पेनरोझ यांनी 1970 च्या दशकात शोधली. आणि 8 एप्रिल 1982 रोजी डॅन शेख्टमन या इस्रायली शास्त्रज्ञाला अमेरिकेत काम करताना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत अणूंची अशीच, पुस्तकांनी अशक्य ठरवलेली रचना दिसली. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी अखेरपर्यंत ते मानले नाही. शेख्टमन यांना रसायनशास्त्राचे नोबेल 2011 मध्ये मिळाले. ग्रुपवरच्या संदेशातले नोबेल ते हे.

लू आणि स्टाइनहार्ट यांनी दरबे इमामच्या नक्षीचे पेनरोझच्या 3700 तुकड्यांत रूपांतर करून पाहिले, तर केवळ 11 ठिकाणी चूक निघाली. बातमी जगभर गेली. पण निबंधाच्या लेखकांनी स्वतः ‘जवळजवळ’ हा शब्द सोडला नव्हता. तो बातम्यांतच गळला, आणि व्हॉट्सॲपपर्यंत पोहोचेतो ‘कारीगरांनी नोबेलचा शोध लावला’ असे झाले.

लगेच वाद उठला. कोपनहेगनचे स्फटिकशास्त्रज्ञ एमिल माकोव्हिकी यांनी सांगितले, की मरागा शहरातल्या 1197 च्या निळ्या मनोऱ्यावर मी 1992 मध्येच अशी रचना दाखवून दिली होती, माझे श्रेय कुठे? त्याच ‘सायन्स’मध्ये त्यांचा आक्षेप आणि लू-स्टाइनहार्ट यांचे उत्तर छापून आले. गणितज्ञ पीटर क्रॉमवेल यांनी 2009 मध्ये अधिक मूलभूत शंका काढली. भिंत लहान आहे. तिच्यावर दिसणारा तुकडा पुनरावृत्ती न होणाऱ्या मांडणीत बसतो, हे खरे. पण तोच तुकडा पुनरावृत्ती होणाऱ्या मोठ्या नक्षीतही बसू शकतो. ‘कधीच न गिरवणारी’ नक्षी हवी असे कारीगराच्या मनात होते, याचा पुरावा काय? बहुतेक इमारतींत तर एक आयत आखून तोच पुन्हा पुन्हा लावलेला दिसतो. आणि त्या पाच फरश्या म्हणजे हँकिनच्याच बहुकोनांना नवे नाव दिल्यासारखे आहे, असे मला स्वतःला वाटते.

मग भाचा बरोबर का? नाही. कारीगरांनी स्फटिकांची रचना शोधली नाही, अणूंशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. पण पाचच तुकड्यांत अंतहीन नक्ष्यांची सोय करणे आणि एका नक्षीच्या पोटात तीच नक्षी उतरवणे, हे फेकही नाही आणि नुसती सजावटही नाही. आपल्या घरांत पूर्वजांचा अभिमान मुलांना देताना आकडा जरा फुगवून सांगायची खोड असते, तसे केल्याशिवाय मुले ऐकणार नाहीत अशी भीती असते. माझा वर्गातला अनुभव उलटा आहे. 3700 मध्ये 11 चुका, असे सांगितले की मुले वही उघडतात.

या सगळ्यात कारीगराला काय ठाऊक होते, हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. त्यावर एक जुना साक्षीदार आहे. खुरासानात 940 मध्ये जन्मलेले आणि बगदादमध्ये काम केलेले गणितज्ञ अबुल वफा अल-बूझजानी. कारीगराला भूमितीतले काय काय लागते, या विषयावर त्यांनी अरबीत एक पूर्ण ग्रंथ लिहिला. त्यात ते एका बैठकीची हकिकत देतात. बैठकीला भूमितीचे जाणकारही होते आणि कारीगरही. प्रश्न होता, तीन सारख्या चौरसांपासून कापून-जोडून एकच मोठा चौरस कसा करायचा? पंडितांनी मोठ्या चौरसाची बाजू सिद्ध करून दाखवली, पण तुकडे कसे कापायचे ते सांगेनात. कारीगरांनी तुकडे कापून लावून दाखवले. डोळ्यांना ते बरोबर दिसत होते, पण मोजले तर चुकत होते. बूझजानी दोघांनाही दोष देतात आणि मग दोघांना चालेल अशी रीत सांगतात : दोन चौरस कर्णावर कापा. चार त्रिकोण मिळतील. ते तिसऱ्या चौरसाच्या चार बाजूंना चक्रासारखे लावा, टोके जोडा, आणि बाहेर आलेले कोपरे कापून आतल्या रिकाम्या जागांत बसवा. ईदच्या सुट्टीत मुलांकडून पुठ्ठ्यावर करून घ्या. जमते.

दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये भूमितीचा जाणकार आणि सुतार एका सतरंजीवर बसत होते. आपल्याकडे भूमितीत नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर कामावर जातो आणि शटरच्या आत सबंध दिवस भूमितीच करतो, पण तिला कोणी भूमिती म्हणत नाही.

राहिले राजकारण. ही नक्षी बगदादहूनच का पसरली? अकराव्या शतकात अब्बासी खलिफाकडे नाव होते, ताकद फारशी नव्हती. काहिऱ्यात फातिमी खलिफांची वेगळी गादी होती, आणि 1055 मध्ये सेल्जुक तुर्क बगदादमध्ये आले. नेजिपोग्लू यांनी आणि त्यांच्यानंतर यासर तब्बा यांनी 2001 च्या पुस्तकात असा विचार मांडला, की गिरहची नक्षी लावणे ही त्या काळात बगदादच्या खलिफाशी निष्ठा सांगण्याची खूण होती. सुन्नी पुनरुज्जीवनाची ती जणू मोहर होती. ऐकायला पटते. पण माझ्या मनात एक मिंबर आडवे येते. फातिमी वजीर बद्र अल-जमाली यांनी 1091 च्या सुमारास अस्कलानसाठी करवून घेतलेले, आज अल-खलीलच्या इब्राहिमी मशिदीत असलेले. त्याच्यावर हीच रेषांची गुंफण आहे, आणि ते या नक्षीच्या लाकडी कामातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहे. आपल्या बोहरा बांधवांचा वारसा ज्या फातिमींशी जोडलेला, त्यांच्याच वजिराचे हे मिंबर. पुढे शिया सफवींनीही इस्फहान याच नक्षीने भरून टाकले. तेव्हा नक्षीचा मस्लक शोधणाऱ्यांनी जरा जपून. सुतार हलबहून काहिऱ्याला गेला की त्याची पट्टी त्याच्याबरोबर जाते.

राजकारणाचा नक्षीशी संबंध नव्हता असे मात्र नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला दुसरे एक मिंबर आहे. बैतुल मुकद्दस सलीबी सैन्याच्या ताब्यात असताना सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी 1168-69 मध्ये हलबच्या कारीगरांकडून अक्सा मशिदीसाठी मिंबर करायला घेतले. शहर हातात नाही आणि मिंबर तयार होते आहे. नूरुद्दीन 1174 मध्ये वारले. 1187 मध्ये सलाहुद्दीन अय्युबींनी शहर घेतले आणि हलबहून ते मिंबर आणवले. लाकडाचे आणि हस्तिदंताचे हजारो तुकडे, खिळा नाही, सरस नाही, एकमेकांत अडकवलेले. आणि त्यावर करणाऱ्यांची नावे कोरलेली. आठशे वर्षे ते उभे होते. 21 ऑगस्ट 1969 रोजी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका माथेफिरूने मशिदीत आग लावली, त्यात ते जळाले. त्या आगीनंतर महिन्याभरात रबातमध्ये मुस्लिम देशांची जी परिषद भरली, तिच्यातून आजची इस्लामी देशांची संघटना निघाली.

नवे मिंबर करायचे ठरले तेव्हा अडचण दिसली. जुने फोटो होते, पण ते करायचे कसे हे जिवंत माणसांपैकी कोणालाच सांगता येईना. आराखडा नव्हता. हमामातल्यासारखाच सांगाडा पुसलेला. मिनवर अल-मुहैद नावाच्या अभियंत्याने वर्षानुवर्षे फोटोंवर रेषा ओढून त्या मिंबराची भूमिती परत उभी केली. मग जॉर्डनमधल्या सॉल्ट गावी एका विद्यापीठात वेगवेगळ्या देशांचे कारीगर जमले, इंडोनेशियाचे, तुर्कस्तानचे, इजिप्तचे. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सोळा हजारांहून जास्त तुकडे कापले गेले, पुन्हा खिळा न मारता बसवले गेले. 2007 च्या सुरुवातीला, लू यांचा निबंध छापून आला त्याच सुमारास, ते अक्सा मशिदीत आपल्या जागी उभे राहिले.

आपल्यापैकी औरंगाबादला बीबी का मकबरा पाहिला नाही असे कुटुंब विरळ. तिथे गेलात तर कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीपाशी मुलांना थोडा वेळ थांबू द्या. बाहेरचा आकार आठ कोनांचा आहे. जाळीतले आकार मोजायला सांगा : कुठे सहा, कुठे आठ, आणि पाच कुठे सापडतो का. फोटो नंतर.

आणि हलबच्या त्या जुन्या मिंबराचे जळके तुकडे आजही अक्साच्या आवारातल्या इस्लामी संग्रहालयात ठेवलेले आहेत.